विषय: थिएटर फेरी – मिशिगन थिएटर यादीतून का काढलं?

नमस्कार मंडळी,
आपल्या मंडळाच्या डेट्रॉईटमधल्या जुन्या थिएटरांच्या फेरीची नवी यादी पाहिली. फॉक्स आहे, फिलमोर आहे, मिशिगन थिएटर गायब! "तिथे आता पार्किंग आहे" हे कारण कसं चालेल? म्हणूनच तर ते बघायचं. १९२६ चं, रॅप अँड रॅप या वास्तुकारांनी आखलेलं, चार हजारांवर खुर्च्यांचं. पुढे लागूनच असलेल्या ऑफिसवाल्यांना पार्किंग हवं झालं. थिएटर पाडावं तर त्यांच्याच इमारतीला धोका. म्हणून १९७७ मध्ये आतलं काढून तिथे तीन मजली पार्किंग केलं. छताची नक्षी अजून वर आहे. डेट्रॉईटचा इतिहास एवढा स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.
– ट्रॉयहून (डेट्रॉईटचं उपनगर)

काका,
जागा खासगी आहे. परवानगीशिवाय मंडळाच्या नावाने आत जायचं नाही, हे पिकनिकनंतर ठरलंय. शिवाय ज्येष्ठांना गाड्यांच्या रॅम्पवरून कसं नेणार? फॉक्स १९८८ मध्ये पूर्ण दुरुस्त झालं, तिथे निवांत बसता तरी येतं.
– कार्यक्रम समिती

मी त्या इमारतीत नोकरीला होते. गाडी वरच्या मजल्यावर लावायचे. पहिल्या दिवशी मान वर केली आणि कामावर जायचंच विसरले. मुलांना हे दाखवा, फॉक्स ती शाळेबरोबरही बघतील.
– नोवायहून

हेन्री फोर्डने १८९६ मध्ये पहिली गाडी बनवली ती शेड याच जागी होती ना? मग ग्रीनफिल्ड व्हिलेज या खुल्या संग्रहालयात आहे ती कुठली?
– कँटनहून

ती प्रतिकृती. पण ग्रीनफिल्डची सहल ज्येष्ठ गटाची असते, कृपया इथे मिसळू नका.
– ज्येष्ठ गट

शेड राहू दे. गाड्यांचा जन्म झाला त्याच जागी गाड्यांनी थिएटर गिळलं, हे मुलांना तिथे उभं राहूनच सांगायला हवं. फॉक्सचा वास्तुकार सी. हॉवर्ड क्रेन, आजचं ऑपेरा हाउसही त्याचंच: १९२२ चं कॅपिटॉल थिएटर. ही दोन्ही वाचलेली बघायची तर गेलेलंही बघा. परवानगीचं पत्र मी लिहितो.
– ट्रॉयहून

चालेल. पत्र मंडळाच्या लेटरहेडवर, मसुदा आधी मला. गुरुवारपर्यंत होकार आला तर आत, नाहीतर बॅगली स्ट्रीटवर बाहेरून. रॅम्प नको असलेल्यांसोबत खाली कोण थांबणार, ते कळवा.
– सचिव

मी थांबते. चहाचे थर्मास मात्र दुसऱ्या कुणीतरी आणा.
– नोवायहून