मदत हवी आहे: खचलेल्या काकांना बायबलमधलं स्तोत्र 13 पूर्ण वाचून दाखवावं का?

यवतमाळकडच्या आमच्या लहान मंडळीतले (चर्चमधले) एक काका कपाशी गेल्यापासून गप्प आहेत. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हे सरळ विचारलं, नाही म्हणतात. तरी फवारणीचं औषध घरातून हलवलं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर काकूंना दिला. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या सुरू आहेत.

बायबलमधलं फिलिप्पैकरांस 4:6 हे वचन वाचलं, ते उलटं लागलं. 'चिंता करू नका' म्हणजे आपलाच विश्वास कमी, असं धरून बसले. 1 राजे या पुस्तकाचा 19 वा अध्याय मात्र जमला. तिथं खचलेल्या एलीया संदेष्ट्याला आधी झोप, भाकर, पाणी मिळतं (उपदेश नाही, हे बरं).

त्यांना वाचता येत नाही, दहा मिनिटांवर बसवत नाही. स्तोत्र 13 सहाच वचनांचं, पण शेवट देवाच्या स्तुतीच्या गाण्यात होतो. तो आत्ता वाचावा, की सुरुवातीच्या 'कोठवर?' या प्रश्नांपाशीच थांबावं?