वाईत बघण्यासारखं काही नाही म्हणे!

कृष्णाकाठ: कालच्या एका पोस्टमध्ये सल्ला वाचला, "वाईत वेळ घालवू नका, चहा प्या आणि पसरणी घाट चढा, खरी मजा महाबळेश्वरला." डोकंच फिरलं. ढोल्या गणपतीच्या देवळाला मागून कधी वळसा घातलाय का? ती भिंत माशासारखी निमुळती बांधलीय, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. १७६२ चं, पेशव्यांचे सरदार रास्ते यांचं काम, अजून उभं आहे. शेजारच्या मेणवलीला वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे, मराठी विश्वकोश वाईतून निघाला, आणि तुम्ही वर जाऊन करता काय तर वेण्णा लेकपाशी ट्रॅफिकमध्ये बसून चणे खाता.

गुलमोहर_ठाणे: गणपती, घाट, घंटा, अर्ध्या तासात उरकतं की. आम्ही गेलो तेव्हा गाडी लावायलाच जागा नाही, पोरं रडकुंडीला आलेली. वर निदान हवा तरी आहे. आणि जुनी बाजारपेठच हवी तर महाबळेश्वरची मालकम पेठ पण १८२९ च्या आसपासचीच. की इतिहास फक्त पेशव्यांचाच?

कृष्णाकाठ: जागा साताऱ्याच्या छत्रपतींची, नाव गव्हर्नर मालकम साहेबाचं. घ्या इतिहास.

घाटवळण: ते सोडा हो. त्या पेठेत स्ट्रॉबेरी क्रीम म्हणून जे देतात त्यावर कोणी बोलणार का? ग्लासभर गोड फेस, वर चार फोडी. मे महिन्यात बायकोच्या हट्टापायी घेतलं, फोडी बर्फातून काढलेल्या, दात आंबले.

भिलारी_शेतकरी: मे मध्ये कशाला मागता? रोपं लागतात पाऊस ओसरताना, खरा माल थंडीतला. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय ते काय मे महिन्यातल्या फेसाला नाही.

घाटवळण: थंडीतही घेतलीय दादा. डबीत वर लालभडक, खाली पांढरी कच्ची.

भिलारी_शेतकरी: रस्त्याकडेच्या स्टॉलवर घेतली असणार. तो व्यापारी, शेतकरी नाही. शेतावर या.

गुलमोहर_ठाणे: शेतावर आत जायचेही पैसे घेतात!

भिलारी_शेतकरी: मग? तुमची पोरं वाफे तुडवतात, अर्धं चावून टाकतात, ते कोणी भरायचं?

कृष्णाकाठ: अहो धागा वाईचा आहे!!

गुलमोहर_ठाणे: बरं बाबा, पुढच्या खेपेला मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा बघू. उपकार म्हणून. पार्किंग तुम्ही शोधून ठेवा.

घाटवळण: आणि त्या कच्च्या डबीचे पैसे कोण परत देणार, ते सांगा ना शेतकरीदादा.