‘चुंबकीय विसंगती’ लिहू की ‘डाग’?

पैनगंगा: नागपूरजवळच्या जुनापाणीसारख्या शिळावर्तुळांच्या (दगडांची वर्तुळं रचलेल्या प्राचीन दफनांच्या) जागेसाठी मराठी फलक लिहायचा आहे, सोबत चुंबकमापीचा, म्हणजे जमिनीतलं चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राचा, नकाशा. आजूबाजूपेक्षा वेगळं चुंबकत्व दिसतं त्या ‘ऍनॉमली’ला ‘विसंगती’ लिहिलं की गावात पहिला प्रश्न, यंत्र चुकलं काय? दुसरा शब्द सुचवा.

वऱ्हाडकर: ‘डाग’ लिहा ना भाऊ. नकाशावर डागच तर दिसते.

अक्षरवेडा: डाग म्हणजे दोष. ‘असंगती’ लिहा.

मातीपरीक्षक: डाग चालणार नाही, पण कारण वेगळं. नागपूरच्या अक्षांशावर पृथ्वीचं चुंबकक्षेत्र साधारण ३० अंश खाली झुकलेलं. त्यामुळे पुरलेली एकच भट्टी नकाशावर दक्षिणेला चुंबकत्वाचा चढ दाखवते, उत्तरेला उतार. वस्तू एक, डाग दोन; वाचणारा दोन खड्डे घेईल! त्यात वर्तुळाचे धोंडे बेसाल्टचे. लाव्हा थिजताना धरलेलं चुंबकत्व घेऊन प्रत्येक धोंडा वेगळ्याच दिशेला तोंड करून पडलेला. आतली भाजकी माती त्या कलकलाटात ऐकूच येत नाही.

पैनगंगा: मग ‘चढउतार’?

अक्षरवेडा: तो जमिनीचा वाटेल. शिवाय मसुद्यात ‘रोध’ आणि ‘रोधकता’ यांची सरमिसळ झाली आहे. जमिनीत वीज सोडून मोजणारं दुसरं यंत्र दाखवतं तो रोध. चार सळया एका रेषेत १-१ मीटरवर ठोकल्या, रोध १.२ ओहम आला, तर ६.२८ने (२π × अंतर) गुणून साडेसात ओहम-मीटर, ही मातीची रोधकता.

वऱ्हाडकर: लोक दोन्हीले करंटच म्हणते. अन् एप्रिलात काळीले भेगा पडल्या की सळई हवेत, आकडा कायचा?

मातीपरीक्षक: सळईपाशी मिठाचं पाणी ओततात, पण भेगेतून ते भलतीकडेच जातं. दिवाळीच्या सुमारास, ओल असताना मोजलेलं बरं. जमिनीत लहरी सोडणाऱ्या रडारच्या नादी लागू नका. भारी काळीतली चिकणमाती त्याची लहर हातभर खोलीतच गिळते.

पैनगंगा: ‘पांढरीचं टेकाड’ तरी ठेवू ना?

अक्षरवेडा: पांढरी म्हणजे चुनखडीची माती. टेकाडाशी काय संबंध?

वऱ्हाडकर: काहून? काळी म्हणजे वावर, पांढरी म्हणजे गाव बसते ती जागा.

मातीपरीक्षक: जुन्या वस्तीच्या मातीत राख, शेण, हाडं, म्हणून रंग फिका आणि फॉस्फेट जास्त. ते पाण्याने सहजी वाहून जात नाही, म्हणून ठरावीक अंतरावर नमुने घेऊन वस्तीची हद्द काढतात. घोटाळा एवढाच, की पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरून काळीत टाकली असेल, तर हद्द वावरात पसरते.

वऱ्हाडकर: पांढरकवडा या गावाचं नाव त्याच्यातूनच आलं असन.

अक्षरवेडा: अंदाज आहे हा. ‘कवडा’चं काय करायचं मग?

वऱ्हाडकर: कवडा म्हणजे होला. पांढरा होला!

अक्षरवेडा: म्हणजे पांढरी सुटलीच की.