'झणझणीत' म्हणजे नुसतं 'लई तिखट' का?

तिकटीकर
रविवारी घरात एक वाद झाला, तो इथं टाकतोय कारण घरात निकाल काय लागला नाही. ताई नि दाजी पुण्याहून आलते. आईनं तांबडा रस्सा केलता. दाजींनी दोन वाट्या रिचवल्या, रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "एकदम झणझणीत झालाय हं." तर आई म्हणाली, "न्हाई हो जावईबापू, आज तिकाट झालाय. झणझणीत न्हाई झाला. चटणी जास्त पडली माझ्याकडनं." माणूस कौतुक करालाय आणि ही माफी मागालीय! दाजींना वाटलं सासूबाई विनय दाखवायल्यात, पण आईचा चेहरा खरंच पडला होता.

मी रात्री विचारलं, दोन्ही एकच की गं. तर म्हणाली, "गार रस्सा पिऊन बघ. तिकाट लागतोय का? लागतोय. झणझणीत लागतोय का?" मी खरंच फ्रीजमधली वाटी काढून चमचाभर घेतला. जिभेला चटका बसला नि तिथंच थांबलं सगळं, पुढं काय नाहीच. म्हणजे झणझणीत व्हायला वाफ पायजे, वर तवंग पायजे, मीठ नि लसूण जागेवर पायजे. तिखट ही नुसती चटणीची मापं झाली. मी आजपर्यंत दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरत होतो. तुमच्याकडं कसं?

(माझ्या नावातली तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती. आमच्या कोल्हापुरातल्या मिरजकर तिकटीचा तिखटाशी काय संबंध नाही, बाहेरची लोकं दरवेळी विचारतात म्हणून आधीच सांगून टाकलं.)

कानामात्रा
आईंचं बरोबर आहे आणि शब्दाची घडणसुद्धा त्यांच्याच बाजूनं आहे. झणझण हा मुळात आवाज. पितळेचं ताट फरशीवर पडलं की ते पडून झाल्यावरही जे घुमत राहतं ते. त्याच कुळातल्या पायाला येणाऱ्या झिणझिण्या. आणि 'डोळ्यांत झणझणीत अंजन' आपण म्हणतोच, तिथं जिभेचा काय संबंध? म्हणजे झणझणीत ही चव नाहीच, ती चव लागून गेल्यानंतर अंगात जे वाजत राहतं ते.

तिखट मात्र तीक्ष्णवरून आलेलं, म्हणजे धारदार. म्हणून 'तिखट कानाचा' म्हणतात, लांबचंही ऐकू येणारा. तोंडाची तिखट बाई असते, झणझणीत बाई नसते (उत्तर झणझणीत असू शकतं).

आणि एक गंमत. आयुर्वेदातले सहा रस बघा: मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. यातलं कटु म्हणजे मिरी-सुंठीची चव, आपलं तिखट. आणि तिक्त म्हणजे कडुनिंब-कारल्याची. पण कटुचंच मराठीत झालं कडू! नाव तिखटाचं होतं ते कारल्याला जाऊन चिकटलं. त्यामुळं जुन्या वैद्यकाच्या पुस्तकात 'कटु' वाचून कडू समजलात तर औषधच उलटं व्हायचं.

राजेहो
आमच्या नागपुराकडं अशा तवंगवाल्या रश्श्याले तर्री म्हणतात आन् थे पोह्यावर बी घेतात. तुमचं कोल्हापुरी म्हणजे निस्ता रंग हो बाप्पा! मी दोन वर्ष होतो कोल्हापुरात नोकरीले, लोकं लय भेव दाखवत होते का जपून खा म्हणून. पह्यल्या दिवशी मिसळ खाल्ली, लालभडक, आता मरतो म्हटलं. काहीच नाई झालं. भिवापुरी मिरचीचा झुणका खाऊन पाहा एकडाव.

तिकटीकर
@राजेहो भावा, बाहेर बोलू नकोस पण खरं हाय. आमच्या लालीला ब्याडगी कारण. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यात ब्याडगी गाव आहे तिथली, सुरकुतलेली, गडद तांबडी आणि तिखटाला अगदी गरीब. तिचा रंग काढून लिपस्टिकमध्ये घालतात, आता बोला. तिखटपणा येतो तो संकेश्वरी किंवा जवारी मिरचीचा, ती प्रमाणातच पडते. पण मुंबई-पुण्याच्या हॉटेलांनी 'कोल्हापुरी' म्हणजे तिखट असं विशेषणच करून टाकलंय. व्हेज कोल्हापुरी नावाची भाजी मी कोल्हापुरात कुठल्या घरात शिजलेली बघितली नाही. पहिल्यांदा खाल्ली ती पनवेलजवळ एका धाब्यावर, वर दोन अख्ख्या लाल मिरच्या आडव्या टाकलेल्या, झालं कोल्हापुरी!

तर्रीबद्दल: आमच्याकडं मिसळीवर ओततात तो कट. 'कट वाढ की रं' म्हटलं की झालं. पुण्यात त्यालाच सॅम्पल म्हणतात, मला पहिल्यांदा वाटलं रक्त तपासायला मागालेत.

पाटावरवंटा
कट आमच्या घरी पुरणपोळीच्या दिवशीचा! डाळ शिजवून वरचं पाणी काढतात तो कट, त्याची कटाची आमटी. ती तिखट असतेच असं नाही.

मी सासरी कोल्हापुरात आले, माहेर डोंबिवली. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "आमटीत दोन चमचे चटणी घाल." मी फ्रीज उघडून हिरवी चटणी शोधतेय, खोबऱ्याची शोधतेय, नाहीच. शेवटी शेंगदाण्याची कोरडी चटणी दिसली ती दोन चमचे घातली. 😅 आमटी घट्ट. सासरे काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले आज आमटी पोटभरीची झालीय. तेव्हा कळलं की इथं चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून कुटलेला लाल मसाला, आणि आम्ही ज्याला तिखट म्हणतो (नुसती मिरचीची पूड) त्याचा डबाच घरात नव्हता. बरं, 'तिखट' हा शब्द डोंबिवलीत अजून एका अर्थानं होता, गोड नसलेलं ते तिखट. तिखटमिठाच्या पुऱ्या, तिखट सांजा. त्यात मिरची नावाला.

तिकटीकर
@पाटावरवंटा 😂 आणि गावच्या जत्रेत पहिल्या दिवशी गोडं आणि दुसऱ्या दिवशी खारं असतं ते कळलं का अजून? खारं म्हणजे मटण. खारट बिरट काय नसतं.

पाटावरवंटा
ते कळलं, पण उशिरा, शाकाहारी मावशींना खाऱ्या जेवणाचं आवतण देऊन झाल्यावर.

मूळ मुद्द्यावर येते. मला वाटतं तिखट कुठं लागतं त्यावर आपल्याकडं शब्द बदलतो. जिभेला चटका, घशाला ठसका, नाकातून मस्तकात जाते ती सणक, डोळ्याला आणि कातडीला झोंबते. आणि तिखटाचा कळस म्हणजे तिखटजाळ. आंबटाला ढाण, गोडाला मिट्ट, कडूला जहर, तशी तिखटाला जाळ ही ठरलेली जोडी. आमच्या डोंबिवलीत जाळ फार तर शेगडीला असतो, इथं बशीतही असतो.

झोंबणं मी अंगावर अनुभवलंय. मागच्या उन्हाळ्यात दोन किलो हिरव्या मिरच्या लोणच्यासाठी उभ्या चिरल्या, मोज्यांबिज्यांशिवाय. चिरताना काहीच नाही. अर्ध्या तासानं बोटांची पेरं कोमट झाली, मग नखांच्या कडेनं भगभग सुरू. साबणानं चारदा धुतले, ताक लावलं, बर्फ धरला तोवर बरं, सोडला की परत. रात्री हात उशीबाहेर काढून झोपले. सकाळी डोळे चोळले आणि दुसरा अंक सुरू.

रसायनवाला
साबणाआधी तेल चोळायचं हो. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आधी खोबरेल, मग साबण. आणि ते सगळ्यात जास्त बियांत नसतं, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात असतं. उभी चिरली की नेमकी तीच शीर उघडी पडते.

तुमच्या 'जाळ' नि 'आग'बद्दल: मराठी इथं शास्त्राच्या आधीपासून बरोबर आहे. तिखट ही गोड-आंबटासारखी चव नाहीच. चेतातंतूंवर एक दार असतं, टीआरपीव्ही-वन नावाचं, ते साधारण ४३ अंशांच्या वर उघडतं आणि मेंदूला भाजतंय म्हणून कळवतं. कॅप्सेसिन तेच दार न तापवता उघडतं. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं ते शोधलं, २०२१ चं नोबेल मिळालं त्याला. म्हणजे 'तोंडाची आग झाली' ही उपमा नाही, मेंदूपुरती ती खरीच आग. आणि तिकटीकर यांच्या आईंची गार रश्श्याची परीक्षा पण इथं बसते, गरम रस्सा तेच दार दोन्ही हातांनी ढकलतो.

तिकटीकर
@रसायनवाला हे आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली त्याला नोबेल मिळालं व्हय, आणि परत टीव्ही बघायला लागली.

जाळ म्हणजे काय ते मला एकदाच कळलंय. कॉलेजातला मित्र आसामात नोकरीला, त्यानं कागदात बांधून एक भूत जोलोकिया आणली. जोलोकिया म्हणजे तिकडं मिरचीच. २००७ मध्ये जगातली सगळ्यात तिखट म्हणून गिनीजमध्ये गेलेली, तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापानं दहा लाखांच्या वर, आता तिला मागं टाकणाऱ्या बऱ्याच आल्या. आम्ही म्हटलं कोल्हापूरकर हाय, खर्ड्यावर वाढलेलो, काय होतंय. नखाएवढा तुकडा भाकरीत घालून खाल्ला.

पहिल्यांदा वास आला, चक्क फळासारखा गोडसर. हसायला लागलो. मग जिभेच्या मागनं काहीतरी वर चढायला लागलं आणि थांबेचना. कान बंद झाले. उचकी लागली. लाळ गिळवत नव्हती, नळाखाली तोंड धरलं तर पाणी लागतंय तिथं अजून पसरालंय. एक जण 'नाद खुळा' म्हणून व्हिडिओ काढत होता, त्यालाही चाखायला लावली, व्हिडिओ तिथंच संपतो. शेवटी गाडीवर बसून गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो, समोर म्हैस पिळून दिलेलं फेसाळ दूध, तीन ग्लास. दोन मिनिटांत माणसात आलो. सांगायचं एवढंच की त्याला झणझणीत हा शब्द माझ्या तोंडातून आलाच नाही. तिखटजाळ. त्यात वाजत बिजत काय नव्हतं, नुसतं जळत होतं.

रसायनवाला
दुधातलं केसीन नावाचं प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतं. पाण्यानं ते नुसतं तोंडभर फिरतं.

कोथरूडकर
मग पांढऱ्या रश्श्याला काय म्हणायचं? त्यात लाल काहीच नाही, मी दूधच समजून प्यायलो आणि घसा धरला.

कानामात्रा
नारळाच्या दुधामागं लपलेली मिरी आहे ती, सोबत आलं नि घरागणिक हिरवी मिरची. मिरीचा तिखटपणा घशात जाऊन बसतो. खरंतर पांढरा रस्सा हे जुन्या तिखटाचं पोर. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडं आली, त्याआधी सगळा कारभार मिरी, सुंठ, पिंपळीचा होता. नवं फळ आलं तेव्हा लोकांनी त्याला नावसुद्धा मिरीचंच दिलं, मरीच, मिरी, मिरची.

राजेहो
आन् खर्डा काय हाय मंग? आमचा ठेचाच हाय ना थो?

तिकटीकर
ठेच्याचा सख्खा भाऊ. तव्यावर तेलात हिरव्या मिरच्या नि लसूण परतायचा, शेंगदाणे, मीठ, आणि तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडायचं. ठेचतात तो ठेचा, तव्यावर खरडून काढतात तो खर्डा. माझा चुलता कचेरीत होता, साहेबानं पहिल्या दिवशी 'कच्चा खर्डा घेऊन या' म्हटल्यावर त्याला डबाच आठवला म्हणायचा.

पाटावरवंटा
तिकटीकर, आईंना विचाराल का, त्या चटणीचं प्रमाण काय घेतात? आमच्या सासूबाई सगळं अंदाजे सांगतात आणि परवा डंकावर (चटणी कुटून देतात तिथं) नंबर लावलाय.

तिकटीकर
विचारलं. एक किलो ब्याडगीला पाव किलो संकेश्वरी, जास्त नको. मिरच्या दोन दिवस कडक उन्हात, देठ काढून. खोबरं नि तीळ वेगवेगळं भाजायचं. कांदा उभा चिरून वाळवून मग तेलात काळपट होईस्तोवर तळायचा, ओला राहिला तर चटणीला बुरशी येते. लसूण कच्चा, कुटताना शेवटी. आणि डंकावर जाताना ओढणी दोन घड्या करून तोंडाला, तिथं पोचायच्या आधी गल्लीच्या तोंडालाच ठसका लागतो.

दाजी पुढच्या रविवारी परत येणार आहेत, आई म्हणाली यावेळी चटणी मी मोजून घालणार.