टाकीच्या पातळीचे दिवे: एका वेळी एकच कसा लावायचा?

विहीरवाला:
मंडळी, गच्चीवरच्या १००० लिटरच्या टाकीत तांब्याच्या बारीक तारा सोडल्यात. अ तळाजवळ, ब निम्म्यावर, क काठाला. चौथी अगदी तळाला, ती १२ व्होल्टच्या प्लसला. पाणी टेकलं की त्या तारेवर ‘एक’ (व्होल्टेज आहे) मिळतो, नाहीतर ‘शून्य’. आधी पाणी चढेल तसे दिवे वाढत जायचे, पण आईचं म्हणणं, "मी काय दिवे मोजत बसू?" म्हणून आता एका वेळी एकच दिवा हवाय. सीडी ४०६९ या आयसीचे नॉट गेट (एकाचं शून्य, शून्याचं एक करणारे), सीडी ४०८१ चे अँड गेट (दोन्ही इनपुट एक असतील तरच एक देणारे), ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडायच्या पट्टीवर) सगळं जुळवलं. टाकी भरलेली असताना ठीक, पण रिकामी झाली की दिवे नाचतात. नुसता हात जवळ नेला तरी! आयसी बदलले, तेच.

रेडिओकाका:
पुल-डाऊन, म्हणजे कोरड्या तारेला शून्यावर खेचणारे रेझिस्टर, कुठे आहेत? कोरडी तार म्हणजे शून्य नव्हे, ती अधांतरी असते. तुमचे आयसी सीमॉस जातीचे, त्यांचं इनपुट मोकळं सोडलं की घरातल्या विजेची गुणगुणसुद्धा उचलतं. अ, ब, क प्रत्येक तारेपासून ग्राउंडला (सप्लायच्या मायनसला) १ मेगओहम लावा. न वापरलेल्या गेटची इनपुटंही ग्राउंडला बांधा.

विहीरवाला:
लावले. दिवे गपगार! काका, दंडवत.

झिरोपीसीबी:
दोन आयसी कशाला, एका सीडी ४००१ मध्ये भागतं. चार नॉर गेट (दोन्ही इनपुट शून्य असतील तरच एक देणारे) असतात, चारही कामी येतात.
पिन १ आणि २ जोडून अ द्या. ३ वर ‘अ नाही’, तोच लाल, म्हणजे टाकी रिकामी. ३ वरून ५ ला, ६ ला ब. ४ वर पिवळा (अ आहे, ब नाही). ८ आणि ९ जोडून ब. १० वरून १२ ला, १३ ला क. ११ वर हिरवा (ब आहे, क नाही). १४ प्लस, ७ ग्राउंड. १२ व्होल्टवर प्रत्येक एलईडीला ३.३ के (किलोओहम) रेझिस्टर पुरे, ३ मिलिअँपमध्ये स्वयंपाकघरात छान दिसतो.
‘भरली’साठी गेट उरत नाही. क थेट एलईडीला जोडू नका, पाण्यातून तेवढा करंट येत नाही. मध्ये २एन७००० मॉसफेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) घाला, त्याचं गेट करंट खातच नाही.
फुकटचा फायदा: अ ची तार तुटली आणि पाणी ब च्या वर, क च्या खाली असलं, तर लाल-हिरवा एकदम लागतात, म्हणजे बिघाड लगेच कळतो.
दुकानदार ७४एचसी०२ देईल, ‘नॉरच आहे’ म्हणून. घेऊ नका. पिना वेगळ्या, आणि १२ व्होल्टवर जळेल.

विहीरवाला (चार महिन्यांनी):
मस्त चालू होतं. परवा लाल लागला, आईने मोटर लावली आणि गच्चीवरून धबधबा! टाकी भरलेलीच होती. वर जाऊन पाहिलं तर प्लसची तार हिरवी पडून तुटलेली.

रेडिओकाका:
डीसीवर (एकाच दिशेच्या करंटवर) प्लसकडचं तांबं पाण्यात झिजतंच. ती तार गेली की तिन्ही इनपुट शून्य, म्हणजे लाल. तुमचं सर्किट खोटं बोललं नाही, त्याला पाणी दिसलंच नाही. स्टीलचे दांडे घाला, आणि १२ व्होल्टच्या वाटेत दाबायचं बटण. बघायचं तेव्हाच दाबायचं.

विहीरवाला:
जुन्या चमच्यांचे दांडे कापून बसवले, बटणही लावलं. आता आई विचारते, स्टीलचे चार चमचे कमी कसे झाले?