फुकट कूलर दुरुस्त करून देतो, पण आता मन लागत नाही. चुकतंय कुठे?

गड्डीगोदाम_कूलरवाला

जय ख्रिस्त सगळ्यांना. नागपुरात गड्डीगोदामला माझं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन कूलर आत आले की मी रस्त्यावर, एवढंच. वय 46. होळीपासून मृगाच्या पहिल्या पावसापर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते, मग उरलेलं वर्ष मिक्सर, पंखे आणि मोटरची वाइंडिंग.

सहा वर्षांपूर्वी उपासनेत आमच्या पाळकांनी पाचारणावर, म्हणजे देवाच्या हाकेवर, उपदेश दिला. देव मोशेला विचारतो, "तुझ्या हातात ते काय आहे?" मोशेच्या हातात मेंढरं वळायची काठी. माझ्या खिशात त्या दिवशी टेस्टर होता, शनिवारचा शर्ट तसाच घालून आलो होतो. मला वाटलं हे माझ्यासाठीच आहे. ठरवलं, मंडळीतले आणि मोहल्ल्यातले एकटे राहणारे म्हातारे, विधवा, ज्यांचं कुणी नाही, त्यांचे कूलर फुकट करायचे. पंप, कंडेन्सर, गवताच्या ताट्या, सगळं माझ्याकडून.

पहिल्या वर्षी चार कूलर झाले. शनिवारी संध्याकाळी गाणं म्हणत जायचो. बायको म्हणायची, पगार वाढल्यासारखा चेहरा करून येता. यंदा 23 झाले. आता फोन वाजला की पोटात गोळा येतो. एका घरी गेलो तर आतल्या खोलीत एसी चालू, आणि फुकटातला कूलर हॉलसाठी. काही बोललो नाही, ताट्या बदलून आलो. रस्ताभर मात्र मनात काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण खरी गोष्ट वेगळी आहे. आमच्या गल्लीमागे एक आजी राहतात. एकट्याच. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू होता, पारा 46 च्या वर. मी पंप बदलला, तिन्ही बाजूंना नव्या ताट्या लावल्या, टाकीचा गळका कोपरा बुजवला. त्या पूर्ण वेळ दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, बसल्या नाहीत. दोन दिवसांनी कळलं, रेग्युलेटर बिघडला तर त्यांनी दुसऱ्या मिस्त्रीला बोलावलं आणि त्याला रोख 300 रुपये दिले. मला लागलं. जाऊन विचारलं, आजी, मला काहून नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "बाबू, तुले मागा लागते. त्याले सांगता येते."

तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. हे सोडून द्यावं का? आणि दुसरं म्हणजे, माझ्या बरोबरचे दोघं नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत गेले, खेड्यापाड्यांत फिरतात. मी ओलं गवत आणि क्षार खरवडतो. देवाला माझ्याकडून याहून मोठं काही हवं असेल तर कळायचं कसं? घरचा कूलर तीन दिवसांपासून बंद आहे, हेही लिहून ठेवतो, नाहीतर बायको वाचेल आणि म्हणेल ते सांगितलं नाही.

हिशेबातला_माणूस

भाऊ, आधी हिशेब. 23 कूलरच्या सामानाला किती लागले? लिहून ठेवलं नसेल, पैज लावतो. मी मंडळीचा खजिनदार होतो, असे पुष्कळ पाहिले. जोशात देतात, मग कुढतात, मग उपासनेला येणंच बंद करतात.

पौल करिंथकरांना काय लिहितो? प्रत्येकाने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी मनाने किंवा देणं भाग पडतं म्हणून नाही. आपण "संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो" एवढंच भिंतीवर लावतो आणि त्याच्या आधीचं "ठरवल्याप्रमाणे" विसरतो. सीझनच्या सुरुवातीला एक डबा ठेवा, रोजच्या गल्ल्यातून त्यात टाका. डबा संपला की सामान संपलं, मग फक्त मजुरी माफ. एसीवाल्यांना पूर्ण बिल द्या. आणि घरचा कूलर आज करा.

रविवारच्या_शाळेची_बाई

लेकरा, तुझ्या आजींचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. एकतीस वर्षं रविवारच्या शाळेत शिकवलं, पण देणाऱ्याची चूक इतक्या थोडक्यात सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

बायबलातली रूथची गोष्ट पुन्हा वाच, यावेळी शेतमालक बवाजाकडे लक्ष देऊन. लेवीय पुस्तकात नियमच होता की शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करायची नाही, पडलेली कणसं उचलायची नाहीत, ती गरिबाला आणि परदेशी माणसाला सोडायची. बवाजाकडे धान्य होतं, त्याला पोतं भरून नवऱ्याविना राहिलेल्या रूथच्या, त्या परदेशी मवाबी पोरीच्या, दारात टाकता आलं असतं. त्यानं काय केलं? गड्यांना सांगितलं, पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसं ओढून टाका, तिला वेचू द्या, तिला धमकावू नका. ती संध्याकाळपर्यंत वेचत राहिली, वेचलेलं तिनं स्वतः झोडपलं, तेव्हा एफाभर, म्हणजे मोठं मापभर, जव निघाले. घरी सासूसमोर तिनं ठेवले ते भीक म्हणून नाही, दिवसभराचं काम म्हणून. मला ते "मुद्दाम ओढून टाका" फार आवडतं. देणाऱ्याची लबाडीच म्हण ना ती, पण किती गोड.

आणि योहानाच्या चौथ्या अध्यायात भर दुपारी विहिरीवर प्रभू थकून बसला आहे. समोर शोमरोनी बाई. तिला जिवंत पाणी द्यायला निघालेला तोच, पण पहिलं वाक्य काय? "मला प्यायला पाणी दे." आधी स्वतः मागितलं. तू आजींच्या घरी पाणी तरी प्यायलास का रे? दाराला धरून उभं राहिलेलं माणूस म्हणजे आपल्याच घरात पाहुणं झालेलं माणूस. सोडून देऊ नकोस, पण मागायला शीक.

दगड_गोळा_करणारा

मी कॅथलिक आहे, सेमिनरी हिल्सकडचा, आणि भूविज्ञान शिकतो. "याहून मोठं काही" या प्रश्नावर सांगतो.

हिस्लॉप कॉलेजवरून तुम्ही शंभरदा गेला असाल. 1883 चं कॉलेज, स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाचं. हे स्कॉटलंडहून आलेले मिशनरी, 1845 मध्ये नागपुरात आले, शाळा काढली. पण आमच्या खात्यात त्यांचं नाव निघतं ते दगडांमुळे. या भागातले जीवाश्म आणि खडक त्यांनी इतके गोळा केले आणि त्यांवर इतकं लिहिलं की एका हिरव्या खनिजाला हिस्लोपाईट म्हणतात. 1863 च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. बुटीबोरीकडे जाताना मला दर वेळी आठवतं.

त्यांच्या काळात कुणी ना कुणी म्हटलंच असेल, साहेब, दगड राहू द्या, उपदेश करा. मला नाही वाटत त्यांनी दोन कप्पे केले असतील. एकच माणूस हातोडी घेऊन निघायचा आणि वाटेत खेड्यात थांबायचा. तुमच्या ओल्या गवतात काय कमी आहे? नवतप्यात एकटी म्हातारी रात्री झोपू शकली, हे छोटं कुणी ठरवलं?

वाटसरू

थोडंच लिहितो. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आज आपण त्यांची भजनं गातो, त्या प्रवाशाचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं. मंडळीत ज्यांच्या नावाच्या पाट्या लागतात, त्यांच्यापेक्षा मला हा माणूस जास्त आठवतो.

गड्डीगोदाम_कूलरवाला

सगळ्यांचे आभार. हिशेबवाले भाऊ पैज जिंकले, वही नव्हतीच. रात्री बसून आठवून लिहिलं, आकडा पाहून बायको काही बोलली नाही, तेच जास्त वाईट. डबा ठेवला आहे, पार्ले-जीच्या पत्र्याचा. घरचा पंप बदलला.

दगडवाल्या दादाचं वाचून बाबांची आठवण आली. ते वायरमन होते. 29 नोव्हेंबर 1970 ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना आपल्या नागपुरातच झाली, तेव्हा मांडवात दिवे लावणाऱ्यांत तेही होते. सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक झाल्या, केवढी मोठी गोष्ट, पण ते आयुष्यभर सांगायचे ते एवढंच की एकही बल्ब गेला नाही. मी लहानपणी हसायचो.

काल आजींकडे गेलो. अवजारं नेली नाहीत. म्हटलं, आजी, ऊन लागलं, पाणी द्या. त्यांनी माठातलं पाणी स्टीलच्या गिलासात दिलं, वरून गुळाचा खडा. मी बसलो, त्याही बसल्या. शेजारच्या पोट्ट्यांच्या तक्रारी ऐकल्या, गुडघ्याचं ऐकलं. कूलरचा विषय मी काढला नाही. उठायला लागलो तेव्हा त्याच म्हणाल्या, "त्या मिस्त्रीनं काही बरोबर नाही बसवलं. खरखर आवाज येते. उद्या येऊन पाहून जाजो."

म्हटलं, येतो, 40 रुपये होतील.

"चाळीस? तीस देईन."

तीसवर सौदा जमला.