आझाद मैदानाशेजारचं पावसातलं रग्बी – कुणी पाहिलंय का?

लालबागची_विंगर

नमस्कार मंडळी. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि दोन वर्षं रग्बी खेळतेय. परवा बाबांबरोबर सीएसएमटीहून चर्चगेटला चालत जात होते. बॉम्बे जिमखान्याचं मैदान दिसल्यावर बाबा थांबले. म्हणाले, "हिथं लाला अमरनाथनं शतक ठोकलं होतं." मी म्हटलं, "बाबा, इथे रग्बीही होतं, तेही भर पावसात." त्यांना ते काही पटेना. जुनी माहिती कुणाला असेल तर लिहा ना. आणि हा खेळ पावसाळ्यातच का, तेही सांगा. माझ्या घरी सगळे क्रिकेटवाले, विचारायचं कुणाला?

फोर्टातला_कारकून

पोरी, बाबा म्हणाले ते सोळा आणे खरं आहे. भारतातली पहिली कसोटी याच मैदानावर झाली, 15 डिसेंबर 1933 पासून. समोर जार्डिनचा इंग्लंड संघ, आपला कर्णधार सी. के. नायडू. दुसऱ्या डावात अमरनाथनी 118 धावा केल्या, भारताकडून कसोटीतलं ते पहिलंच शतक. पण हे झालं डिसेंबरातलं. आषाढ-श्रावणात तिथे कोण खेळतं ते बाबांनी पाहिलं नसणार. मी पाहिलंय.

1984 साली मी फोर्टात नोकरीला लागलो. ऑफिस सुटल्यावर फॅशन स्ट्रीटच्या समोरच्या फुटपाथवरून स्टेशनकडे निघायचो. एका संध्याकाळी धो धो पाऊस, छत्री उलटी झालेली, आणि कुंपणापलीकडे माणसं एकमेकांच्या खांद्यात डोकी घालून रेटारेटी करताहेत. त्याला स्क्रम म्हणतात हे मला पुढे कळलं. गार पावसात त्या घोळक्यातून वाफ निघत होती, अगदी चुलीवरून उतरवलेल्या भातासारखी. चामड्याचा चेंडू भिजून इतका जड झाला होता की लाइनआउटच्या, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू परत आत फेकायच्या, आधी एक पोरगा तो स्वतःच्या बनियनला पुसून द्यायचा. माझ्या दोन लोकल चुकल्या.

पावसाळाच का? एप्रिल-मेमध्ये त्या जमिनीवर आपटून बघ, विटेवर पडल्यासारखं लागतं. जूनचे चार पाऊस झाले की तीच माती लोण्यासारखी होते आणि टॅकल खाल्लेला, म्हणजे समोरच्यानं धरून पाडलेला, माणूस उठून परत धावतो. शिवाय तेव्हा क्रिकेट बंद, मैदान मोकळं. माझ्या लक्षात सगळ्यात जास्त राहिलाय तो तिथला माळी. सामना संपून खेळाडू आत गेले की तो अनवाणी फिरायचा, बुटांनी उपटलेली हरळी उचलून जागच्या जागी ठेवायचा आणि टाचेनं दाबायचा. अंधार पडेपर्यंत त्याचं तेच चालायचं. डिसेंबरात तिथे चेंडू सरळ घरंगळत सीमेपर्यंत जातो तो त्याच्या टाचेमुळे, असं मला अजून वाटतं.

आणि एक सांगायलाच हवं. हा जिमखाना 1875 चा, गोऱ्या साहेबांनी साहेबांसाठी काढलेला. बाहेरच्या मोकळ्या मैदानावर पारशी पोरं क्रिकेट खेळायची. तिथेच साहेबांचा पोलो चालायचा, आणि घोड्यांच्या टापांनी जमीन उखणून निघायची. 1880 च्या दशकात पारशांनी पोलो इथून हलवा म्हणून सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. या गवतावर हक्क कुणाचा हे भांडण इतकं जुनं आहे. मी स्वतः सगळं कुंपणाबाहेरूनच पाहिलं. म्हणून लालबागची मुलगी विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळते हे वाचून आज फार बरं वाटलं.

हुगळीकाठचा_मराठी

काकांनी मुंबईचं छान लिहिलंय, पण आमचं कोलकाता विसरू नका. तिथे 1872 च्या नाताळात रग्बीचा पहिला मोठा सामना झाला आणि लगेच क्लब निघाला. पुढे पोलो-टेनिसकडे ओढा वाढला, उकाडाही सोसेना, आणि पाच-सहा वर्षांतच क्लब बंद पडला. खात्यातले चांदीचे 270 रुपये काढून, वितळवून त्यांनी चषक घडवला. झाकणावर हत्ती, मुठींना नाग. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता कपसाठी खेळतात, 1879 पासून.

लालबागची_विंगर

काका, तुमचं लिहिलेलं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. माळ्याचं आलं तेव्हा ते गप्प झाले. आजोबा गिरणीत होते, तेही सुट्टी झाल्यावर साचा, म्हणजे आपला माग, पुसूनच निघायचे म्हणे. तुम्ही पाहिलंत तेव्हा ट्रायला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला की, किती गुण होते?

फोर्टातला_कारकून

चार. पाच झाले 1992 पासून. आणि बाबांना हेही सांग की भारताच्या पुरुष संघाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना 1998 साली झाला. मुलींनी पंधरा जणींच्या रग्बीत पहिला विजय मिळवला तो 2019 च्या जूनमध्ये, मनिलाला, सिंगापूरवर 21-19 असा. दोन गुणांनी! ती बातमी मी कापून ठेवलीय.

लालबागची_विंगर

21-19 आम्हाला सगळ्यांना पाठ आहे, काका. रविवारी आमचा सराव आहे, आझाद मैदानावरच, सकाळी साडेसहाला. बाबा यायला तयार झालेत. तुम्ही पण या ना. तुम्ही कुठे उभे राहायचात ती जागा त्यांना बघायचीय.

फोर्टातला_कारकून

येतो. पहिली लोकल पकडतो. बाबांना म्हणावं छत्री नको, रेनकोट आणा. तिथला वारा छत्री ठेवत नाही.